अमेरिकेचा ‘सातबारा’ वाचायला शिकताना

इतिहासात एम.ए. करताना मी अमेरिकेतल्या सरकारी जमिनींच्या विक्रीचा विषय घेतला आणि पहिले दोन महिने नुसते कायदेच पाठ करत बसले: 1785, 1800, 1820, 1841, 1862. नव्याने या विषयाकडे येणाऱ्यांना कळकळीने सांगते, तसं करू नका. जमिनीचा एकच तुकडा धरा आणि त्याचा कागद काढा. सरकारने खरेदीदाराला दिलेल्या मालकीपत्राला तिथे ‘पेटंट’ म्हणतात. जुनी पेटंटं अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात.

त्यावर आपल्यासारख्या चतुःसीमा नसतात. तुकडा कुठला हे एका इंग्रजी ओळीत लिहिलेलं असतं; तिच्यात सगळ्यात लहान तुकडा आधी येतो आणि टाउनशिप, म्हणजे मोजणीचा मोठा चौकोन, शेवटी. मी ओळ सुरुवातीपासून धरली, वायव्य-आग्नेयची अदलाबदल झाली आणि भलत्याच चाळीस एकरांवर माझा आठवडा गेला. मग वहीत सरळ मराठीत लिहायला लागले: अमुक टाउनशिपमधल्या सेक्शन 14 च्या वायव्य पावातला आग्नेय पाव. क्रम आपोआप सुलटा झाला. सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, प्रत्येक 640 एकरांचा. त्याचा पाव 160, पावाचा पाव 40. मोजणी 66 फुटी साखळीने होई. आपला गुंठा 33 फूट बाय 33, म्हणजे बरोब्बर निम्म्या साखळीचा चौरस. हे कळल्यावर आकडे परके राहिले नाहीत.

1800 च्या कायद्याने किमान 320 एकर घ्यावे लागत, एकरी दोन डॉलरने, पण हप्त्यांनी. 1819 च्या मंदीत हप्ते थकले. 1820 मध्ये उधारी बंद झाली: एकरी सव्वा डॉलर, किमान 80 एकर, म्हणजे शंभर डॉलर रोख. ज्यांच्याकडे तेवढे नव्हते त्यातले कितीतरी जण आधीच जमीन कसत बसले. 1841 च्या कायद्याने अशांना लिलावाआधी त्याच दराने 160 एकरांपर्यंत घेता आलं.

राष्ट्राध्यक्षाची सही बघून हुरळू नका. 1833 नंतर त्यांच्या नावाने सचिवच सही करत.

आणि ‘सरकारी’ या शब्दावर थांबा. माझा तुकडा ओहायोतला. अमेरिकी सैन्याकडून 1794 मध्ये झालेल्या पराभवानंतर शॉनी, डेलावेअर, मायामी आदी मूळनिवासी जमातींना 1795 च्या ग्रीनव्हिल तहात तो मुलूख सोडावा लागला. पेटंटावर याचा एक शब्द नाही. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक तुकड्याची पहिली ओळ तहाची असते, खरेदीदाराची दुसरी.