फेरफार नोंदीवरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल सापडत नव्हता, तो असा सापडला

जमीन करवीर तालुक्यातली. समोरच्याचं म्हणणं, सातबाऱ्यावर फेरफार आमच्या नावाचा, म्हणजे मालकी आमची. याविरुद्ध निकाल आहे एवढं ठाऊक होतं. गुगलवर मराठीत शोधलं तर नुसते लेख, निकालाची प्रत कुठंच नाही. डोक्याला ताप झाला.

शेवटी इंडियन कानून ही कोर्टाचे निकाल शोधायची खासगी वेबसाइट उघडली. 'म्युटेशन एंट्री' (फेरफार नोंद) हे शब्द इंग्रजीत, अवतरणचिन्हात टाकले आणि पुढं 'टायटल' (मालकी हक्क) जोडलं. अवतरणचिन्हं विसरू नका, नाहीतर ढीगभर निकाल येतात. मग कोर्ट म्हणून फक्त सुप्रीम कोर्ट निवडलं. त्यात २०२१ चा जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा निकाल मिळाला. खरी गंमत पुढं: त्याच्या मजकुरातच जुन्या निकालांचे संदर्भ असतात. तिथं २००७ चा सूरजभान विरुद्ध फायनान्शियल कमिशनर सापडला. महसुली नोंदीनं मालकी मिळत नाही, ती दिवाणी कोर्टच ठरवतं, असं त्यात स्पष्ट आहे.

नंतर ई-एससीआरवर, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या अधिकृत निकालांच्या साइटवर, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून पीडीएफ उतरवली. ती फुकट मिळते. वकीलसाहेबांना तीच द्या, खासगी साइटची प्रिंट नको.