शेततळ्यातला मासा पावशेरावरच अडकतोय? दाटीच्या या चुका टाळा

द्राक्षाच्या घडात मणी दाटले की आपण कात्री घेऊन बसतो. मजूर लावतो, पैसे मोजतो, पण विरळणी चुकवत नाही. मणी फुगायचा तर जागा हवी, हे नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात, निफाड-दिंडोरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तोच शेतकरी तळ्यात मासे सोडताना मात्र म्हणतो, ‘थोडे जास्तच टाका, मर होते.’ मीही तेच म्हणालो होतो.

माझं तळं ३४ बाय ३४ मीटरचं, ३ मीटर खोल, तळाला प्लास्टिकचा कागद टाकलेलं. पहिल्या वर्षी ऑगस्टात कटला, रोहू, मृगळ मिळून २,००० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. दिवाळीपर्यंत सगळं झकास. एप्रिलात जाळं ओढलं तर मासा पावशेराच्या आतबाहेर. डोकं मोठं, अंग चपटं. व्यापाऱ्याने एक उचलून पाहिला, परत पाटीत टाकला आणि भावाचं काही बोललाच नाही. दुसऱ्या वर्षी ५०० सोडली, ती पाऊण किलोपर्यंत गेली. गंमत म्हणजे काट्यावर एकूण माल दोन्ही वर्षी जवळपास सारखाच भरला. तळ्याला नगाशी देणंघेणं नसतं. ते ठरावीक किलो पोसतं, मग ते तुम्ही दोन हजारांत वाटा नाहीतर पाचशेत.

हिशेब ऑगस्टच्या पाण्यावर करणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली असं प्रमाण सांगतात. त्या हिशेबाने माझ्या तळ्यात साधारण ५७५ ते ११५० बसतात. पण ते प्रमाण वर्षभर पाणी टिकणाऱ्या तळ्याचं. आपलं शेततळं मुळात बागेसाठी. द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी झाली की ठिबक सुरू, आणि पाणी रोज खाली.

उतार एकास एक धरा. काठोकाठ भरलेल्या तळ्यात सुमारे २,८९० घनमीटर पाणी असतं. एक मीटर उरलं की ८४०. म्हणजे पाणी तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आणि मासे मात्र तेव्हाच सगळ्यात वजनदार. त्यात ऊन. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. रात्री शेवाळही तोच प्राणवायू वापरतं, म्हणून पहाट सगळ्यात वाईट. प्रमाण ३ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की मासा खाणं सोडतो, वाढ थांबते.

हे प्राणवायू मोजायच्या यंत्राशिवायही कळतं. पहाटे पाचला बॅटरी घेऊन तळ्यावर जा. मासे काठाला तोंडं वर काढून चप-चप आवाज करत असतील आणि उजेड पडला तरी बुडी मारत नसतील, तर गर्दी झालीय. अशात आधी मोठेच मासे मरतात, म्हणजे नुकसानही मोठ्याचंच. त्या दिवशी खाद्य बंद, शेणाची स्लरी बंद. मोटरने तळ्यातलंच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात सोडा, मध्यरात्रीनंतर ते उजाडेपर्यंत. रात्रीची लाइट असलेल्या आठवड्यात हे जमतं. दिवसाची असेल तर जनरेटर नाहीतर देव.

हवा द्यायची कायमची सोय नसेल, तर मी एप्रिलमध्ये उरणाऱ्या पाण्याचा पृष्ठभाग मोजतो आणि दर दोन चौरस मीटरला एक मासा धरतो.

वाढ नाही म्हणून खाद्य वाढवणं

दाटीत मासा खात नाही. पेंड-कोंडा तळाशी कुजतो, प्राणवायू आणखी घटतो, अमोनिया चढतो. हिरव्यागार पाण्याचा सामू (पीएच) दुपारी वर जातो तेव्हा हाच अमोनिया जास्त विषारी होतो. महिन्यातून एकदा फेकजाळ्याने वीस-पंचवीस मासे काढा, बादलीत तोला, सरासरी काढा. एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के खाद्य पुरे.

बीज न मोजता घेणं

पिशवीवर हजार म्हणतात, आत किती ते देव जाणे. मला एकदा बोटुकलीच्या नावाखाली त्याहून लहान बीज दिलं गेलं. लहान बिजाची मर जास्त, म्हणून आपण दुप्पट टाकतो. नेमकं ते जगलं तर तळं तुडुंब. एक पिशवी उघडून वाटीने मोजाच.

चिलापी (तिलापिया) माशाची तर वेगळीच कथा. नदीचं किंवा पाटाचं पाणी मोटरने घेतलं की तिची पिल्लं सोबत येतात आणि तळ्यातच वाढत, पिल्लं घालत राहतात. तुम्ही सोडले पाचशे, जाळ्यात आले हजारो. पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा.

सगळाच दोष दाटीचा नसतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकड्यावर येतो, तेव्हा मासा जवळपास उपाशीच असतो. त्या दोन महिन्यांत वजन वाढलं नाही म्हणून घाबरू नका. फक्त कटला मागे आणि रोहू-मृगळ ठीक असतील, तर वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी कमी पडलेत, कारण कटल्याचं पोट त्यावरच.

आधीच दाटी झाली असेल तर

खुरटलेला मासा वाया गेलेला नसतो. आंध्रात बीज मुद्दाम वर्षभर दाटीत, कमी खाद्यावर खुरटत ठेवतात आणि मग मोठ्या तळ्यात सोडतात. जागा मिळाली की ते झपाट्याने वाढतं. म्हणून शेजाऱ्याचं तळं भरलेलं असेल तर अर्धे मासे तिकडे हलवा, वाट्याने करा.

नाहीतर विरळणी. फेब्रुवारीअखेर, पाणी उतरायच्या आधी, मोठे मासे विकून टाका, लहान राहू द्या. आदल्या दिवशी खाद्य देऊ नका, जाळं सकाळच्या गारव्यात ओढा, आणि तळ्यात उतरताना कडं, घड्याळ, चपला काठावर ठेवा. मागच्या वर्षी माझ्या कागदाला भोक पडलं ते चपलेच्या खिळ्याने.