फोर बाय फोरचं क्राउन ऑइल घरीच बदललं

पावसाळ्यात उमरेडकडच्या शेतरस्त्यांवर गाडी नाल्यातून बरीच गेली होती, म्हणून दिवाळीआधी दोन्ही डिफ्रेन्शियलचं (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्यांचं) ऑइल, म्हणजेच क्राउन ऑइल, घरीच बदललं. गाडी उंच असल्याने जॅक लागला नाही, पण जागा सपाट हवी. गाडी कलती असेल तर लेव्हल चुकते.

आधी थोडी फिरवून आणली. कोमट ऑइल पूर्ण निथळतं.

सगळ्यात महत्त्वाचं: आधी वरचा, भरायचा प्लग सोडवा, मगच खालचा. खालून सगळं ऑइल काढलं आणि वरचा प्लग गंजून अडकला, तर गाडी जागेवरच बसते. माझा मागचा प्लग घट्ट होता. तारेच्या ब्रशने घासून, गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, सकाळी लांब दांड्याने सुटला.

मागचं ऑइल काळं निघालं, पुढचं दुधी! दुधी म्हणजे पाणी शिरलंय. अशा वेळी ब्रीदर, म्हणजे डब्यातली हवा आत-बाहेर जाऊ देणारी वाट, नक्की तपासा. माझा चिखलाने बुजला होता. गरम हाउसिंग (डिफ्रेन्शियलचा डबा) पाण्यात थंड झालं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. प्लगच्या चुंबकावरची बारीक राखाडी पूड चालते, तुकडे असतील तर मेकॅनिक गाठा.

मॅन्युअलप्रमाणे जीएल-५, ८०डब्ल्यू-९० ग्रेडचं गिअर ऑइल घेतलं, पंपाने वरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं. वॉशर नवे टाकले. ट्रान्स्फर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरबॉक्सचं) ऑइल वेगळं असतं, ते मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या.

जुनं ऑइल गटारात ओतू नका, ते नाग नदीत जातं. कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.