फ्लॉसची, म्हणजे दातांच्या फटी साफ करायच्या बारीक दोऱ्याची, कटकट करावी का?
करावी, पण नीट. ब्रशचे केस दातांच्या फटीत पोचत नाहीत आणि हिरड्यांचं दुखणं बहुतेकदा तिथूनच सुरू होतं. साधारण 45 सेंमी दोरा दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा आणि हलकेच पुढेमागे करत फटीत उतरवा; खटकन दाबलात तर हिरडी कापते. मग एका दाताला बिलगवून हिरडीच्या कडेपासून वर-खाली घासा, नंतर शेजारच्या दाताला. नुसता आत-बाहेर केला तर अडकलेला कण निघतो, चिकट थर तसाच राहतो. सुरुवातीला थोडं रक्त येतं, घाबरून सोडू नका; दोनेक आठवड्यांत थांबलं नाही तर मात्र दंतवैद्याला दाखवा. फटी मोठ्या असतील तर दोऱ्याच्या भानगडीत न पडता फटीत जाणारा बारीक ब्रशच घ्या. दिवसातून एकदा पुरे.