पाच शाखांचं वाय-फाय एका जागेवरून कसं सांभाळावं

पुण्यात मुख्य दुकान आणि सातारा, कराड, सांगली, कोल्हापूरला शाखा असलेली एखादी बेकरी घ्या. कराडला कार्डमशीन अडकलं की पुण्याला फोन येतो आणि इकडून ठरलेला सल्ला जातो, "राउटर बंद करून चालू करा." क्लाउडवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवरून, चालणारं वाय-फाय असेल, तर पुण्यात बसून ब्राउझरमध्येच दिसतं की ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारा डबा) बंद आहे, लाइन गेलीय, की फक्त ते मशीन जोडलेलं नाही. पैसे मोजायचे ते यासाठी.

तुमची बिलं क्लाउडमधून फिरत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. तिथे असते ती सेटिंग आणि देखरेख. क्लाउडशी संपर्क तुटला तरी शेवटच्या सेटिंगवर वाय-फाय चालत राहतं. ग्राहकांचं लॉगिन पान क्लाउडवर असेल, तर तेवढं अडतं.

पहिलं काम खातं उघडण्याचं, तेही कंपनीच्या ईमेलवर. "माझ्याच खात्यात टाकतो, तुम्हाला कशाला त्रास," असं बसवून देणारा म्हणेल. ऐकू नका. उद्या त्याच्याशी बिनसलं तर पाचही दुकानांच्या किल्ल्या त्याच्या खिशात. मुख्य ॲडमिन घरचे दोघं, दोघांनाही टू-फॅक्टर लॉगिन (पासवर्डबरोबर आणखी एक पडताळणी). वेंडरला वेगळं लॉगिन, हवं तेव्हा काढून घेता येईल असं. शाखा मॅनेजरला आपली शाखा नुसती बघण्यापुरतं.

खरेदीआधी लायसन्सचा हिशेब करा. सिस्को मेराकीला लायसन्स घ्यावंच लागतं. युबिक्विटीच्या युनिफायला ॲक्सेस पॉइंटमागे वार्षिक फी नाही, पण कंट्रोलरची, म्हणजे सगळे पॉइंट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची किंवा उपकरणाची, सोय बघावी लागते.

मग डॅशबोर्डवर (ब्राउझरमधल्या देखरेखीच्या पानावर) सगळ्या शाखांसाठी एकच टेम्प्लेट, म्हणजे सेटिंगचा साचा, बनवा. बिलिंग, स्टाफ, ग्राहक अशी वाय-फायची तीन नावं पुरेत. प्रत्येकाचं व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवरचं स्वतंत्र नेटवर्क, वेगळं. ग्राहकांच्या वाय-फायवरून बिलिंगचा प्रिंटर दिसता कामा नये. त्यांच्या स्पीडलाही मर्यादा घाला. नावं आणि पासवर्ड सगळीकडे तेच ठेवले, की सांगलीचा टॅब कोल्हापुरात आपोआप जोडला जातो. कॅमेरे शक्यतो केबलवरच.

ॲक्सेस पॉइंटचे सिरीयल नंबर पुण्यातच खात्यात नोंदवा आणि मग खोकी शाखांना पाठवा. तिथल्या वायरमनला पीओई स्विचची (नेटवर्कच्या केबलमधूनच वीजही देणाऱ्या स्विचची) केबल जोडण्यापलीकडे काम उरत नाही; बाकी सेटिंग उपकरण स्वतः ओढून घेतं. केबल १०० मीटरच्या आत हवी. जागा मात्र नीट निवडा. कोल्ड रूमच्या पत्र्याच्या भिंतीतून सिग्नल जात नाही, तेव्हा आत टॅब वापरायचा तर आत वेगळा पॉइंट लागतो. २.४ गिगाहर्ट्झ बंद करू नका. बरेच जुने प्रिंटर आणि कार्डमशीन त्यावरच चालतात. तिथे चॅनेल १, ६ आणि ११ हेच वापरा.

फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं ते आधी एकाच शाखेत, दुकान बंद झाल्यावर. बेकरीची भट्टी पहाटे पेटते, हे विसरू नका. दिवाळीच्या आठवड्यात तर कशालाच हात लावू नका.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. डॅशबोर्ड तितके दिवस ठेवत नसेल, तर ते सिसलॉग सर्व्हरवर (लॉग साठवणाऱ्या वेगळ्या संगणकावर) पाठवा.

स्विच आणि इंटरनेटवाल्याचा डबा, दोन्ही यूपीएसवर घ्या. नाहीतर लाइट गेली की डॅशबोर्डवर नुसता लाल ठिपका दिसेल.