जेवून व्यायाम केला की गांधी उठतात? कारण असं शोधा

आधी गांधी नीट बघा. टाचणीच्या डोक्याएवढे बारीक ठिपके, घाम सुटला की येतात आणि गरम पाण्याने आंघोळ केली तरी येतात, तर बहुतेक ते अंग तापल्यामुळे होतंय, खाण्याचा संबंध नसावा. मोठे चट्टे, ओठ-पापण्या सुजणं, पोटात कळ, चक्कर असं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

फोटो काढून ठेवा, डॉक्टरकडे पोचेपर्यंत अंग साफ झालेलं असतं.

आता डायरी, आणि खरी गोची इथेच आहे, मीही इथेच सगळ्यात जास्त अडकले. लोक सांगतात "काय खाल्लंस ते लिही", बास. त्याने काहीही हाती लागत नाही, कारण या प्रकारात तोच पदार्थ खाऊन नुसतं बसलात तर काही होत नाही, आणि रिकाम्या पोटी पळालात तरी काही होत नाही. दोन्ही जुळून आले की होतं, तेही दर वेळी नाही. म्हणून माणूस म्हणतो, गहू तर मी रोज खातो, गव्हाची ॲलर्जी कशी असेल? असू शकते हो! या प्रकारात सगळ्यात जास्त सापडणाऱ्यांमध्ये गहूच आहे, मग कोळंबी-खेकडे, सुकामेवा वगैरे.

तर लिहायचं ते असं: व्यायामाच्या आधीच्या 4 तासांत पोटात गेलेलं सगळं, वेळेसकट, बिस्किट आणि सॉसमधला गहूसुद्धा. व्यायाम किती जोरात, किती वेळ, हवा कशी. आणि ज्याला कोणी विचारतच नाही तो रकाना, पेनकिलर. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेतलेलं असलं की एरवी पचणारा घाससुद्धा उठतो. दारू, ताप-सर्दी, अपुरी झोप, पाळी, हेही टाका. आणि काहीच झालं नाही ते दिवस पण लिहा, तुलना त्यांच्याशीच करायची असते.

एक मात्र अजिबात करायचं नाही, "बघू तरी" म्हणून मुद्दाम खाऊन पळून बघणं. असले सल्ले देणाऱ्यांचा मला राग येतो. ती टेस्ट हॉस्पिटलमध्ये, ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी ठेवून करतात.

डायरी घेऊन ॲलर्जी स्पेशालिस्टकडे जा. गव्हाचा संशय असेल तर ओमेगा-5 ग्लायडिनची (गव्हातल्या एका प्रथिनाची) रक्ततपासणी विचारा, साध्या गव्हाच्या टेस्टमध्ये हे कधीकधी निसटतं. स्किन टेस्ट असेल तर ॲलर्जीच्या गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या ते पण विचारून घ्या.

तोवर संशयाचा पदार्थ आणि व्यायाम यात किमान 4 तास ठेवा, व्यायाम झाल्यावरही तो लगेच खाऊ नका, एकट्याने पळू नका.

सुरू झालंच तर तिथल्या तिथे थांबा, "घरापर्यंत चालतो" नको. घसा आवळला, श्वास लागला, चक्कर आली तर सेटिरिझिनच्या (ॲलर्जीच्या गोळीच्या) भरवशावर राहू नका, ती खाज कमी करते, घसा आणि बीपी सांभाळत नाही. डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचं पेन (स्वतःच टोचायचं तयार इंजेक्शन) दिलं असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनच टोचा, ॲम्ब्युलन्स बोलवा, आडवे होऊन पाय वर घ्या (धाप लागत असेल तर बसा), उगाच उठून चालू नका. बरं वाटलं तरी हॉस्पिटल टाळू नका, काही तासांनी परत उसळू शकतं. पेन घरच्या कपाटात नाही, पळताना सोबत, आणि बरोबरच्याला ते वापरता आलं पाहिजे.