गिटारचं पिकअप स्वतः बदलताय? सोल्डरिंगपेक्षा बाकीचंच जास्त बघा

पिकअप, म्हणजे तारांची हालचाल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा तारांखालचा भाग, बदलायचं डोक्यात आलं की लगेच नवीन शोधायला बसू नका, आधी आहे त्याचीच उंची बदलून बघा. बाजूचे स्क्रू फिरवले की पिकअप वर-खाली होतं आणि आवाजात एवढा फरक पडतो की बऱ्याच जणांचं काम तिथेच फुकटात होऊन जातं. तरीही आवाज मातकट वाटतोय किंवा सिंगल कॉइलची (एकाच कॉइलच्या पिकअपची) घूं घूं डोक्यात जातेय, मग बदलाच.

नवीन घेताना लोक फक्त किलोओहमचा आकडा बघतात, ८ के आहे का १६ के, जास्त म्हणजे दणदणीत. तसं नसतं. तो नुसता कॉइलच्या तारेचा रेझिस्टन्स आहे, तार बारीक घेतली तरी तो वाढतो, आणि मॅग्नेट कुठलं आहे त्यावरही आवाज तेवढाच ठरतो. एकाच कंपनीची एकाच जातीची दोन पिकअप समोरासमोर ठेवायची असतील तर आकडा कामाचा, एरवी त्याच्या फार नादी लागू नका. नेकपाशी (दांड्याच्या बाजूला) गिटारची तार जास्त हलते आणि ब्रिजपाशी (तारा बॉडीला टेकतात तिथे) कमी, म्हणून ब्रिजचं पिकअप सहसा थोडं जोरदार बनवतात, त्यामुळे नेकचं उचलून ब्रिजला बसवलं तर ते कमजोर वाटणारच.

मापं आधी घ्या. हमबकरमध्ये (दोन कॉइलच्या पिकअपमध्ये) पहिल्या आणि सहाव्या तारेखालच्या पोलमधलं, म्हणजे धातूच्या टोकांमधलं अंतर जुन्या गिब्सन पद्धतीत ४९-५० मिमीच्या आसपास असतं आणि फेंडर टाइप रुंद ब्रिजसाठी ५२-५३ मिमी. दोनेक मिमीने आवाजाचं फार काही बिघडत नाही, पण तारा पोलच्या बाजूने जाताना दिसल्या की डोळ्यांना खुपतं. सिंगल कॉइलच्या खाचेत पूर्ण साइजचा हमबकर बसत नाही, त्यासाठी लाकूड कोरावं लागेल, ते नको असेल तर सिंगल कॉइलच्या आकाराचे हमबकर मिळतात ते घ्या. आणि पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणाखालचे भाग) कुठले आहेत ते उघडून वाचा, सिंगल कॉइलला साधारण २५०के आणि हमबकरला ५००के वापरतात. हमबकर २५०केवर लावला तर वरची धार बोथट होते, सिंगल कॉइल ५००केवर लावलं तर कानाला टोचतं. बॅटरीवाल्या अॅक्टिव्ह पिकअपला तर २५केचे पॉट आणि स्टिरिओ जॅक लागतो, तो वेगळाच कारभार आहे, इथे साध्या, बिनबॅटरीच्या पॅसिव्हबद्दलच बोलतोय.

सामान फार नाही लागत. ४० ते ६० वॅटचं आयर्न, जरा चपटं टोक असलेलं, रोझिन कोअरची सोल्डर वायर, मल्टिमीटर, वायर कटर, मास्किंग टेप, हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). नळाच्या कामाचा अॅसिडवाला फ्लक्स चुकूनही वापरू नका, तो जोड हळूहळू खाऊन टाकतो.

आता गिटार उघडायची. तारा पूर्ण काढा, ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज) तरंगता असेल तर आधी त्याच्याखाली लाकडाचा तुकडा किंवा घडी केलेलं कापड सारा, नाहीतर तारा सैल होताच तो मागे झोपतो. पिकगार्ड किंवा मागचं झाकण उघडलं की कशालाही हात लावायच्या आधी फोटो काढा, एक लांबून आणि एकेक स्विच आणि पॉट जवळून, वायरचा रंग ओळखू येईल असा. बॉडीवर कापड पसरा, सोल्डरचा गरम थेंब पॉलिशवर पडला की डाग कायमचा. लेस पॉलसारख्या गिटारमध्ये वायर बॉडीतल्या भोकातून जाते, तर जुनी वायर ओढून काढताना तिच्या शेपटाला दोरा बांधा आणि नवीन वायर त्याच दोऱ्याने आत ओढून घ्या.

खरी गोची रंगांची. हमबकर म्हणजे दोन कॉइल, उलट वाइंडिंग आणि उलट मॅग्नेट, म्हणजे बाहेरची घरघर एकमेकांत जिरते आणि तारेचा आवाज दुप्पट होतो (गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता). दोन कॉइल म्हणजे चार टोकं, म्हणून चार रंगीत वायरी आणि एक उघडी, प्लास्टिक नसलेली. सेमूर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये काळी हॉट (सिग्नलची), लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप लावून ठेवायच्या, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डिमार्झिओ कंपनीच्यात लाल हॉट, काळी-पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. म्हणजे एका कंपनीची काळी ती दुसरीची काळी नाही, रंग बघून अंदाजाने जोडलं तर पस्तावाल, बॉक्समधला कागदच खरा. आणि ती मधली जोडी सुटी राहिली तर पिकअप जवळजवळ मुकंच राहतं.

सोल्डर करताना हीट श्रिंक आधी वायरवर चढवा, नंतर आठवून उपयोग नसतो. वायरचं टोक आणि लग (पॉट किंवा स्विचची जोडायची पत्ती) दोन्हीला आधी थोडी सोल्डर लावून घ्या, मग नुसतं एकत्र धरून आयर्नचं टोक टेकवलं की दोन सेकंदात जोड होतो. पॉटच्या पाठीवर ग्राउंड देणं जरा चिवट काम, तो धातूचा डबा सगळी उष्णता खाऊन टाकतो. तिथे थोडं पॉलिश पेपरने घासा, चपटं टोक नीट टेकवून पाठ तापू द्या, सोल्डर आयर्नला नाही तर पाठीला लावा, ती पाण्यासारखी पसरली की वायर त्यात बुडवा, आयर्न काढा आणि वायर थंड होईपर्यंत अजिबात हलवू नका. गोळी होऊन वरच बसली, मळकट दिसली, तर जोड कच्चा आहे, परत तापवा. पण चार-पाच सेकंदांत होत नसेल तर थांबा, थंड होऊ द्या, नाहीतर आतला ट्रॅक जळतो आणि मग पॉटही बदलायची वेळ. ब्रिजकडून येणारी ग्राउंड वायर यात तुटली तर नाही ना ते बघा, ती सुटली की तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत नाही.

झाकण लावायच्या आधी अॅम्पला जोडा आणि आवाज कमी ठेवून स्क्रू ड्रायव्हरने एकेका पिकअपच्या पोलवर हळूच टकटक करा. स्विच ज्या पोझिशनला तेच पिकअप वाजायला हवं. मग फेज, म्हणजे दोन पिकअपचे सिग्नल एकाच दिशेचे आहेत का ते. दोन पिकअप एकत्र वाजवली आणि आवाज एकदम पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर फेज उलटी आहे. हे सोल्डर करायच्या आधीच तपासता येतं: मीटर ओहमच्या २०के रेंजवर ठेवा, लाल प्रोब हॉटला, काळा ग्राउंडला, स्क्रू ड्रायव्हर पोलवर आडवा ठेवून पटकन उचला, आकडा क्षणभर वर किंवा खाली उडी मारतो. दुसऱ्या पिकअपलाही तसंच करा, उडी त्याच दिशेला हवी. उलटी असेल तर एका पिकअपची हॉट आणि ग्राउंड अदलाबदल करा, चार वायरीवाल्यात उघडी मात्र ग्राउंडलाच राहते. जाळीच्या वेष्टणाची जुनी पद्धत असेल किंवा पिकअपवर धातूचं कव्हर असेल तर नुसती अदलाबदल चालत नाही, कव्हर हॉट होऊन हात लागला की गुणगुणायला लागतं, आधी कव्हरचं ग्राउंड वेगळं करावं लागतं.

स्ट्रॅटमध्ये (फेंडरच्या तीन सिंगल कॉइलवाल्या गिटारमध्ये) एकच पिकअप बदलताय तर मधलं उलट वाइंडिंगचं आहे का ते बघून घ्या, कारण दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला घरघर जाते ती त्याच्यामुळेच.

तारा चढवून ट्यून केलं की उंची. शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि तारेच्या खालून पोलपर्यंत मोजा, ब्रिजला १.६ मिमी आणि नेकला २.४ मिमीपासून सुरुवात करा, जाड तारेच्या बाजूला थोडं आणखी खाली. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलला जरा जास्तच अंतर द्या, त्यांचं मॅग्नेट तारेला जवळून ओढतं आणि मग जाड तारांवर वरच्या फ्रेटला सूर डळमळल्यासारखा, एकाच वेळी दोन सूर वाजल्यासारखा येतो. असं झालं तर लोक इंटोनेशन (वरच्या फ्रेटलाही सूर बरोबर यावा म्हणून ब्रिजवर तारेची लांबी जुळवणं) पिळत बसतात आणि ते काही केल्या जुळत नाही, आधी पिकअप खाली घ्या. अर्धा अर्धा फेरा फिरवा, दोन्ही पिकअपचा आवाज स्विच मारल्यावर सारखा लागेपर्यंत, जोरदार असलेलं खाली न्या, कमजोर ते अगदी तारेला चिकटवू नका. हे जमलं की मग शेवटी इंटोनेशन बघा.